उभ्या गाडीची बॅटरी उतरते: शोध लागला, दुरुस्ती झाली

रोज ऑफिसला न्यायचे तोवर गाडीने कधी अडवलं नाही. आता ती आठवड्यातले तीन-चार दिवस पार्किंगमध्येच असते, आणि तेव्हापासून हे सुरू झालं. दोन दिवस उभी राहिली की सेल्फ जड फिरतो, चौथ्या दिवशी नुसतं टक्. जुनी बॅटरी पाच वर्षांची होती म्हणून बदलली. नवी ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे एक अँपिअर ३५ तास पुरेल एवढी), तीही दीड महिन्यात तशीच बसली. बॅटरीवाल्या मामांनी ती रात्रभर चार्जिंगला लावली, सकाळी लोड टेस्टर (भार टाकून बॅटरी तपासणारं यंत्र) लावून बघितला आणि म्हणाले, "ताई, बॅटरीत दोष नाही. गाडीच करंट खातेय."

पहिला रविवार. मामांचं म्हणणं आधी पडताळलं. निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवलं तेव्हा १२.६६ व्होल्ट, तीन दिवसांनी १२.६३. म्हणजे बॅटरी चार्ज धरते. मग गाडी सुरू करून मोजलं: १४.२, आणि हेडलाइट व ब्लोअर लावल्यावर १३.९. अल्टरनेटर चार्जिंग नीट करतोय. राहिली उभ्या गाडीतली गळती.

दुसरा रविवार. चावी काढली, बॉनेट उघडं ठेवलं. ड्रायव्हरचा दरवाजाही उघडाच ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने फिरवून बसवलं, म्हणजे गाडीला दरवाजा बंद वाटतो, रूम लॅम्प विझतो आणि फ्यूज बॉक्सपर्यंत हात पोचतो. दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह केबल सोडवली आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर सिरीजमध्ये जोडला, म्हणजे सगळा करंट त्याच्यातूनच जातो. लाल प्रोब मीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटमध्येच हवा. मिलिअँपिअरच्या सॉकेटमध्ये असेल तर मीटरचा फ्यूज लगेच उडतो. आणि मीटर जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, तो शंभराहून जास्त अँपिअर ओढतो.

अर्धा तास थांबले. गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स झोपायला वेळ घेतात, पहिल्या मिनिटाच्या आकड्यावर जाऊ नये. आकडा स्थिरावला ०.४२ अँपिअरवर. घड्याळ, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सेंट्रल लॉकिंग धरून २० ते ५० मिलिअँपिअर चालतात, इथे ४२०. चोवीस तासांचे दहा एएच, तीन दिवसांत तीस. चौथ्या दिवसाच्या 'टक्'चा हिशेब जुळला तेव्हा मला फार बरं वाटलं.

अल्टरनेटरमध्ये करंट एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड असतात, त्यातला एखादा बिघडून उलटा करंट जात असेल म्हणून बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढली, तिच्या टोकाला टेप गुंडाळली, पुन्हा मोजलं. तेच ०.४२. वायर परत जागेवर.

तिसऱ्या रविवारी खरी गंमत आली. फ्यूज न उपसता त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर प्रोब टेकवून मिलिव्होल्ट मोजता येतात. ज्या फ्यूजमधून करंट वाहतो तिथे थोडे तरी दिसतात. दोन्ही बॉक्समधले सगळे तपासले, कुठेच शोधण्याजोगा आकडा नाही. मग एकेक उपसत गेले. रेडिओचा फ्यूज काढला आणि मीटर ०.४२ वरून ०.०२ वर आला. परत बसवला, ०.४२. ज्या फ्यूजमधून काही वाहतच नाही, तो काढला की गळती थांबते, हे कसं? स्टिरिओचं सॉकेट मागून काढून बघितलं, तरी ०.४२. म्हणजे स्टिरिओही नाही.

चहा घेऊन परत आले आणि पुढच्या डाव्या सीटखाली हात घातला. आधीच्या मालकाने बसवलेला ॲम्प्लिफायर तिथे आहे. गाडी रात्रभर बंद होती, तरी त्याची पन्हाळी पाडलेली पाठ हाताला कोमट लागली.

पुढचं सोपं होतं. ॲम्प्लिफायरला जाड लाल वायर थेट बॅटरीवरून येते, तिचा फ्यूज बॅटरीजवळ वेगळा असतो, फ्यूज बॉक्सशी तिचा संबंध नाही. त्याला 'चालू हो' सांगते ती बारीक निळी-पांढरी रिमोट वायर. ती स्टिरिओच्या त्याच रंगाच्या वायरला जोडायची असते, म्हणजे स्टिरिओ बंद झाला की ॲम्प्लिफायरही बंद. इथे ती पिवळ्या वायरला पिळून जोडलेली निघाली. पिवळी म्हणजे मेमरीची, चावी काढली तरी तिच्यात १२ व्होल्ट असतात. रेडिओच्या फ्यूजमधून जात होता तो फक्त इशाऱ्यापुरता करंट, खरा ओढा लाल वायरमधून होता. जोडावरची काळी टेप उन्हाने पाघळून चिकट झाली होती. सोलताना बोटं काळी झाली, आत तांब्यावर हिरवट थर.

निळी वायर सोडवून योग्य ठिकाणी जोडली, डाग दिला, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवली. पिवळ्यावरचा उघडा भागही झाकला. आता मीटरवर ०.०२४. या वेगाने अर्धी बॅटरी उतरायला महिना लागेल.

मधल्या काळात बॅटरी वारंवार पूर्ण उतरली, तेवढं सल्फेट प्लेटांवर बसून तिची क्षमता घटली असणार, त्याची मला काळजी आहे. म्हणून स्लो चार्जरवर एक रात्र ठेवून गाडी मुद्दाम पाच दिवस हलवली नाही. आज सकाळी सुरू करण्याआधी १२.५४. सेल्फ अर्ध्या फेरीत लागला. पुढच्या महिन्यात मामांकडे पुन्हा लोड टेस्ट करून इथेच आकडे लिहीन.