तुम्ही विचारलंत म्हणून: आधी चाल की आधी शब्द?

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही मित्रमंडळींनी प्रोजेक्ट म्हणून स्वतःची गाणी लिहून रेकॉर्ड केली, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आधी चाल की आधी शब्द?

आधी चाल. याला कलेबिलेचं कारण नाही. चाली लावणारा आमचा मित्र बैलहोंगलकडचा, घरी कन्नड. बेळगावात राहून मराठी झकास बोलतो, पण गाणं लिही म्हटलं की हात जोडतो. शब्द माझ्याकडे. तो 'ना ना ना' करत, मध्येच तोंडाला येईल ते कन्नड घालत चाल फोनवर पाठवायचा आणि मी तिच्यात मराठी बसवायची.

ती बसेना. ओळीच्या शेवटी तो सूर लांबवायचा, आणि त्याच्या बडबडीत नेमका तिथे स्वर असायचा. कन्नडमधले बहुतेक शब्द स्वरावरच संपतात: मने, मळे, हूवु. त्याच अर्थाचे माझे शब्द घर, पाऊस, फूल. सगळ्यांचं तोंड शेवटी मिटलेलं. 'पाऊस'मधला 'स' लांबवून बघा, कुकरची शिट्टी होते.

अभंगाला ही अडचण येत नाही. तिथे शेवटचा 'अ' आपण अजूनही पूर्ण म्हणतो, म्हणून 'विठ्ठल' हवा तेवढा लांबवता येतो. आमचा हार्मोनियमवाला खानापूर तालुक्यातल्या भजनी मंडळात तयार झालेला, त्याने हाच उपाय सुचवला. करून पाहिला, तर कॅन्टीनच्या उधारीवरच्या गाण्यात काकड आरती शिरली!

मग विभक्ती कामाला आली. 'घर'च्या जागी 'घरी', 'पाऊस'च्या जागी 'पावसाला'. नाहीतर सरळ क्रियापद शेवटी: आला, गेली, राहू दे. अर्थ थोडा हलायचा, तो हलू दिला. लांबवायच्या जागी स्वर अर्थापेक्षा मोठा, असं माझं मत आहे. कविता करणाऱ्या मैत्रिणी यावरून भांडतात. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्वही कन्नड घरातले. त्यांची मराठी गाणी हल्ली मी ओळीचा शेवट ते कसा सोडतात, याकडे कान देऊनच ऐकते.

स्टुडिओ कुठला होता, असंही विचारतात. वडगावातली एका मित्राची माडी. चहूकडे पॉवरलूम, त्यामुळे वीज गेली की आमचं काम सुरू. माग थांबायचे, लॅपटॉप बॅटरीवर चालायचा आणि कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट यूएसबीवरच्या छोट्या इंटरफेसमधून, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीतून मिळायचे. भिंतींना गोधड्या. पंखा अर्थातच बंद, गाणारी घामाघूम. माइकसमोर गेल्यावर माझे शब्द पुन्हा बदलले. मराठीत भ, फ, घ, ध यांची रेलचेल. 'भरून' म्हटलं की हवेचा झोत माइकवर आदळून 'भप्प' असा आवाज रेकॉर्ड होतो. भरतकामाच्या रिंगवर जुना पायमोजा ताणून तो अडवला आणि माइक तोंडाच्या थोडा बाजूला धरला. तरी एक 'भ' काढावाच लागला.

ढोलकीवाल्याला क्लिक, म्हणजे रेकॉर्डिंग करताना कानात वाजणारा एकसारख्या वेगाचा ठोका, मान्य नव्हती. भजनात लय शेवटाकडे चढतेच, आणि ती बरोबरच चढते. पण प्रत्येक वाद्य वेगळं रेकॉर्ड करायचं तर सगळ्यांना एकच ठोका लागतो. शेवटी क्लिकचाच वेग कडव्याकडव्याला थोडा वाढवून दिला, गडी खूश. हार्मोनियमचे सूर तर जागच्या जागी बदलता येत नाहीत, म्हणून गिटारच तिच्याशी जुळवून घेतली.

एक काम मात्र पहिल्याच आठवड्यात उरका. शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंग कुणाचं, हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हे तिन्ही हक्क वेगवेगळे आहेत, आणि शब्द व चालीवरचा हक्क करणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. दोस्तीत कागद कशाला, असं आमच्यातही कुणीतरी म्हणालंच.

पुढचं गाणं तो कन्नडमध्ये लिहिणार आहे आणि चाल मी लावायची म्हणतोय. शब्द मात्र आधी देणार नाही, म्हणे.