तुम्ही विचारलंत म्हणून: आज्जीची गोष्ट मी का देत नाही

‘तुमचे आजोबा तुफान सेनेत, म्हणजे पत्री सरकारच्या फौजेत; त्या सरकारचं ठाणं असलेलं कुंडल तुमच्यापासून हाकेवर. मग पत्री सरकारवर सिनेमा किंवा कार्यक्रम करायला आलेल्यांना तुम्ही रिकाम्या हातानं का परत लावता?’ दर क्रांतिदिनाला हे ऐकतो. एकदाचं सांगून टाकतो.

सिनेमाशी माझं वैर नाही. उलट १९४३ ते १९४६ आपल्याकडं, जुन्या सातारा जिल्ह्यात, इंग्रजांना डावलून गावांनी आपलं सरकार कसं चालवलं ते पडद्यावर आल्याशिवाय कुणाला कळणार नाही, असं गावभर सांगत फिरणारा मीच होतो. म्हणून एका वाहिनीची माणसं आली तेव्हा आज्जीला मीच बोलतं केलं. दोन तास बोलली. उसात लपलेल्यांना भाकरीचं गठुडं पोचवणं, न्यायदान मंडळानं एका बैठकीत मिटवलेली बांधाची भांडणं, हुंड्याशिवाय लागलेले गांधी विवाह, गावातली बंद झालेली दारू. पाहुणे घड्याळ बघायला लागले. तेव्हा मी म्हणालो, ‘आज्जी, शेजारच्या तात्यांचं सांग.’ मी म्हणालो. तिनं आपणहून काढलं नव्हतं.

खबऱ्या समजून तात्यांच्या तळपायांवर काठ्या मारल्या होत्या. मारणाऱ्यांत आजोबा होते. पुढं कळलं, खबर दुसऱ्यानंच दिली होती. महिनाभर आज्जी आजोबांच्या चोरून हळद-तेल घेऊन त्या घरी जायची. सांगताना तिनं पदर तोंडाला लावला.

टीव्हीवर आलं ते असं: ढोल, मशाली, पिळदार दंडाचा एक नट, हवेत उचललेली काठी, आणि खाली पट्टी, ‘गद्दाराला अशी मिळायची शिक्षा’. हळद-तेल नाही. माणूस निर्दोष होता, हे तर कुठंच नाही. आज्जी म्हणाली, ‘म्या त्यास्नी गद्दार म्हनलं न्हाई रं.’ दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. तात्यांची सून तेव्हापासून आमच्या उंबऱ्याला आली नाही. आज्जी गेली तेव्हाही नाही. वाहिनीला फोन केले, तर मूळ चित्रण पुसून टाकलेलं.

एकानं केलं त्याचा राग सगळ्यांवर का, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. शेणोलीला पत्री सरकारवाल्यांनी लुटलेली इंग्रजांची रेल्वेगाडी सोडून कुणी काही दाखवत नाही म्हणून मी चडफडतो, आणि बाकीचं घरात असून बाहेर काढत नाही, हेही खरं. पण तात्यांना वगळून सांगितलं तर आजोबा धुतल्या तांदळासारखे निघतात, आणि आज्जीनं तसं सांगितलं नव्हतं. तात्यांसकट सांगायचं तर आधी त्या घरी विचारायला हवं. दार समोरच आहे. माझ्याच्यानं अजून तिथं जाणं झालेलं नाही.