कापसाच्या हंगामात वाचनवर्ग चालवताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात, आमच्या गावात आणि शेजारच्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, आम्ही मुलांसाठी मोफत वाचनवर्ग चालवतो. असं काही करावंसं वाटणारे पुष्कळ जण भेटतात आणि आधी पैशाचं विचारतात. पैशाची अडचण आली, पण बरीच नंतर. सुरुवातीला अडलं ते लोकांच्या शंकेपाशी.

"फुकट शिकवतं, तं मंग तुले काय भेटते?" हे मला प्रत्येक ओट्यावर विचारलं गेलं. "इलेक्शनले उभी राह्यतं का, ताई?" हेही. त्यांचं चुकत नव्हतं. याआधी कुणीकुणी येऊन फॉर्म भरून नेले होते, आधारच्या झेरॉक्स नेल्या होत्या, पोरांसोबत फोटो काढले होते आणि परत फिरकले नव्हते. म्हणून मी फॉर्म ठेवला नाही, बॅनर लावला नाही, फोटो काढला नाही. एक शंभर पानी वही, तिच्यात मुलांची नावं, एवढंच. रोज ठरल्या वेळी दार उघडत राहिले आणि हळूहळू विचारणं थांबलं.

जागेसाठी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत समाजमंदिराचा विषय मांडला. ठराव झाला, सरपंचबाईंनी किल्ली दिली. आत खताची पोती होती, ती हलवायला ठरावापेक्षा जास्त वेळ लागला.

शाळेतल्या दोन्ही गुरुजींशी आधीच बोलले होते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे चार वर्ग दोघांत. एका मुलासाठी थांबलं तर बाकीचे तीस-पस्तीस बसून राहतात, हे गुरुजींनी स्वतःच सांगितलं. शाळेला नावं ठेवून असा वर्ग उभा करू नये, असं माझं ठाम मत आहे. ज्याला त्याला आपल्या वाट्याचं काम पुष्कळ आहे.

आता मुख्य गोष्ट. "चौथीच्या पोरांना वाचता येत नाही" असं आपण सरसकट म्हणून मोकळे होतो. पण कुठे अडलंय, हे एकेका मुलासमोर बसल्याशिवाय कळत नाही. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या, मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' पाहणीत २००५ पासून वापरतात ती पद्धत मी घेतली, कारण ती कुणालाही जमते. एका कागदावर सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो सहज वाचला तर गोष्ट द्यायची, अडला तर शब्द, तिथेही अडला तर अक्षरं. मुलाच्या घरी, त्याच्या ओट्यावर, घाई न करता.

चौथीतलीच मुलं चार वेगवेगळ्या ठिकाणी अडलेली निघाली. काहींना अक्षरं ओळखू येत होती, पण शब्द वाचताना "क ला काना का, प ला दुसरा उकार पू" असं म्हणत शेवटच्या 'स'पर्यंत पोचेतो पहिलं 'का' निसटून जायचं. घरात कापसाच्या गंज्या आणि पानावरचा 'कापूस' वाचता येईना! या मुलांना पुन्हा पूर्ण बाराखडी घोकायला लावून काही होत नाही. आम्ही क, म, स, ल, प एवढीच अक्षरं आणि फक्त काना घेतला. काम, माल, साप, मामा, काका. पहिल्याच आठवड्यात अख्खे शब्द वाचायला मिळाले की मूल टिकतं. मग दुसरा उकार आला, आणि कापूस, सासू, मूल. जोडाक्षरं आणि रफार फार नंतर.

पोडावरची काही मुलं परिच्छेद भराभर वाचायची, पण काय वाचलं ते सांगता येत नव्हतं. त्यांची घरची भाषा कोलामी. ती द्राविडी कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. पोडावरचीच बारावी झालेली एक मुलगी तयार झाली. ती गोष्ट आधी कोलामीत सांगते, त्यावर गप्पा होतात, मग तीच गोष्ट मराठीत वाचायची. तिच्याशिवाय पोडावरचा वर्ग चाललाच नसता. बाहेरून कितीही शिकलेलं माणूस आणलं, तरी हे काम त्याच्याच्यानं होणारं नाही.

गट इयत्तेप्रमाणे केले नाहीत, वाचनाच्या पातळीप्रमाणे केले. यात मोठ्या पोट्ट्यांना लाज वाटते. म्हणून सोपी पुस्तकं लहानांना वाचून दाखवायचं काम आम्ही त्यांच्याकडे दिलं. दुसऱ्याला वाचून दाखवायचं म्हणून सातवीतला मुलगाही चार ओळींचं पुस्तक तीनदा तयारी करून येतो.

पुस्तकं मिळतात. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक नेटवर मोफत आहेत. ते मासिक १९७१ पासून निघतं, त्यामुळे वाचायला तोटा नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, छापायला परवानगी लागत नाही. पांढरकवड्याहून प्रिंट काढून आणतो. पुस्तकं मात्र घरी जाऊ द्यायची. "फाडतीन ना पोट्टे" असं सगळे म्हणाले. फाटतातच. चिकटपट्टी लावून पुन्हा देतो. कपाटात कोरी राहिलेली पुस्तकं पाहून मला जास्त त्रास होतो.

दसरा-दिवाळीपासून कापूस वेचणी सुरू झाली की खरी कसोटी लागते. किलोवर मजुरी, म्हणून आई अंधार पडेस्तोवर वावरात आणि मोठी पोरगी घरी धाकट्याला सांभाळत. तिला "वर्ग बुडवू नको" म्हणण्यात काय अर्थ? आम्ही धाकट्यांना सोबत आणायला सांगितलं आणि कोपऱ्यात त्यांच्यासाठी सतरंजी टाकली. वेळ बदलून साताची केली. आठनंतर मुलं पेंगतात. उन्हाळ्यात उलट, सकाळी साडेसहाला. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात, तेवढ्या काळात हाती पुस्तक नसेल तर शिकलेलं पुसलं जातं. म्हणून मे महिन्यात वर्ग बंद ठेवायचा नाही, हा आमचा एकमेव कडक नियम.

पैसे लागतात ते प्रिंटला, दिव्याला आणि कोलामीत गोष्ट सांगणाऱ्या पोडावरच्या ताईच्या मानधनाला. तिला फुकट राबवायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलं होतं. कापूस विकला की काही शेतकरी आपणहून देतात, उरलेलं गावातले नोकरीवाले भरतात. हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहितो.

यंदा ती ताई डी.एल.एड.साठी, म्हणजे शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमासाठी, यवतमाळला जाणार आहे. तिच्या जागी कोलामी बोलणारं दुसरं कुणी हवं. दोघींना विचारलंय. एकीचं लग्न ठरतंय. दुसरी म्हणाली, वेचणी संपल्यावर येते. तोवर पोडावरचा वर्ग सुट्टीच्या दिवशी ताई घरी येईल तेव्हा घ्यायचा, आणि मधल्या दिवसांत सातवीतल्या दोन मुली धाकट्यांना वाचून दाखवणार आहेत.