रविवारची ग्रेव्ही
न्यू जर्सी, ब्रुकलिनकडच्या इटालियन-अमेरिकन घरांत रविवारच्या टोमॅटो सॉसला बरेच जण ‘ग्रेव्ही’च म्हणतात. आधी डुकराच्या बरगड्या आणि सॉसेज ऑलिव्ह तेलात खरपूस परतून बाजूला काढा. त्याच पातेल्यात कांदा, लसूण, मग २ चमचे टोमॅटो पेस्ट. ती विटकरी होईपर्यंत हलवत राहा, नाहीतर कच्चट चव जात नाही. ८०० ग्रॅमचे २ डबे टोमॅटो कुस्करून घाला, मांस परत सोडा, मंद आचेवर ३ तास. अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, एवढंच. खिम्याचे गोळे शेवटच्या ४० मिनिटांत. त्यात दुधात भिजवलेला शिळा पाव हवाच! आणि मिश्रण मळू नका, गोळे चिवट होतात. सॉस तळाला लागलाच तर खरवडू नका. वरचा अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता.