छोटा व्हॅक्यूम क्लीनर निवडताना

घरासाठी छोटा व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा ठरला की बहुतेक जण आधी खोक्यावरचे वॅट आणि पास्कलचे आकडे पाहतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: आपल्या घरात रोज काय सांडते आणि कुठे सांडते? मोकळ्या फरशीवरचा केर केरसुणीने उत्तम निघतो आणि त्या कामासाठी हातात मावणारे यंत्र विकत घेण्यात काही हशील नाही. केरसुणी आणि ओले फडके जिथे पोहोचत नाही, तिथे या यंत्राची खरी गरज भासते.

स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीचेच पाहा. फोडणीच्या वेळी मिसळणाचा डबा काढता-घालताना सांडलेली मोहरी घरंगळत ट्रॉलीच्या चॅनेलमध्ये जाऊन बसते. फडक्याने पुसायला गेले तर दाणे पुढे पळतात आणि केरसुणीचे टोक त्या फटीत शिरत नाही. अरुंद, लांबट तोंड लावून यंत्र फिरवले की मोहरी लगेच ओढली जाते. चॅनेलच्या ग्रीसला चिकटलेला रवा मात्र नुसत्या ओढीने सुटत नाही. तो आधी ब्रशने सैल करावा लागतो. म्हणून सोबत मिळणाऱ्या जोडण्यांमध्ये अरुंद तोंड आणि राठ केसांचा छोटा ब्रश या दोन गोष्टी आहेत की नाहीत, हे मी सर्वांत आधी पाहीन. सरकत्या खिडक्यांचे रूळ, फराळाच्या दिवसांत शेव आणि चिवडा गिळणाऱ्या सोफ्याच्या खाचा, देवघरापुढची विस्कटलेली रांगोळी, गाडीतल्या सीटखालची माती, या सगळ्यांना त्याच दोन जोडण्या लागतात.

दुसरा प्रश्न यंत्र ठेवायचे कुठे हा आहे. लंडनमध्ये १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी बनवलेले शोषणयंत्र इतके अवजड होते की ते घोडागाडीवरून दारापर्यंत आणून, खिडकीतून लांब नळ्या आत सोडून घर स्वच्छ केले जाई. पुढे यंत्रे घरात मावू लागली. आपल्याकडे १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी दारोदार जाऊन ती मध्यमवर्गीय घरांना ओळखीची केली. तरीही चाकांचे मोठे यंत्र अनेक घरांत माळ्यावर राहते आणि दिवाळीच्या साफसफाईलाच खाली उतरते, कारण ते काढून, नळी जोडून, वायर सोडवेपर्यंत सांडलेला रवा सुपलीत भरून झालेला असतो. छोट्या यंत्राचे हे होऊ द्यायचे नसेल, तर ओट्याजवळ एखादा प्लग आणि भिंतीवर टांगण्यापुरती जागा आधी शोधावी आणि तिथे मावेल असेच यंत्र घ्यावे.

आता आकड्यांकडे येऊ. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते. किती स्वच्छता करते हे त्यावरून कळत नाही. युरोपीय संघाने घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर २०१४ मध्ये १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, म्हणजे वॅट वाढवत नेणे हा उपाय नव्हे असेच तिथल्या नियमांनी मानले. पास्कलचा आकडाही अपुरा असतो. तोंड पूर्ण बंद असताना आत किती दाब कमी होतो, ते त्यातून कळते. दुकानदार तोंडावर तळहात ठेवून ओढ दाखवतो तेव्हा तो हेच दाखवत असतो. पण तोंड बंद असताना हवा वाहत नाही, आणि कचरा उचलते ती वाहणारी हवा. दाब आणि हवेचा प्रवाह दोन्ही पुरेसे असतील तरच काम होते. त्यामुळे दुकानात जाताना पुडीत चिमूटभर रवा आणि थोडी मोहरी न्यावी, दुकानदाराची परवानगी घेऊन ती एखाद्या फटीत टाकावी आणि यंत्र चालवून पाहावे. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

बॅटरीच्या बाबतीत साधा गुणाकार उपयोगी पडतो. ७.४ व्होल्ट आणि २००० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे २ अँपिअर-तास) लिहिले असेल, तर ७.४ गुणिले २, म्हणजे बॅटरीत सुमारे १४.८ वॅट-तास ऊर्जा मावते. मोटर खरोखर १०० वॅट घेत असेल तर ही बॅटरी जेमतेम ९ मिनिटे पुरेल, ६० वॅटला साधारण १५ मिनिटे. खोक्यावर १०० वॅट आणि अर्धा तास असे दोन्ही छापलेले असेल, तर तो अर्धा तास सर्वांत मंद वेगावरचा समजावा. ट्रॉली आणि खिडक्यांना १० मिनिटे भरपूर होतात. गाद्या आणि सबंध सोफासेट नियमितपणे साफ करायचा असेल, तर मात्र मी वायरचेच यंत्र सुचवेन.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो कचऱ्याच्या डब्याला आणि फिल्टरला, आणि नेमके याच भागाकडे खरेदीच्या वेळी कोणी पाहत नाही. बटण दाबून खालच्या बाजूने उघडणारा डबा थेट केराच्या बालदीत रिकामा होतो. फिरवून काढायच्या डब्यातले पीठ हातावर आणि ओट्यावर उडते. तोंडाच्या आत रबराची झडप आहे का, हे बोट घालून पाहावे. झडप नसेल तर यंत्र बंद करून तोंड खाली करताच ओढलेला कचरा परत जमिनीवर येतो.

कणीक, बेसन आणि रांगोळी यांसारखी बारीक पूड कापडी फिल्टरची छिद्रे लगेच बुजवते आणि ओढ कमी होते. त्यापुढे बारीक जाळी असेल किंवा हवा गोल फिरवून जड कण बाजूला टाकण्याची सोय असेल, तर फिल्टर अधिक टिकतो. घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असेल तर ‘हेपा’ शब्दाची नीट विचारपूस करावी. अमेरिकी व्याख्येप्रमाणे खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो. ‘हेपा टाइप’ या शब्दांमागे असे बंधन नसते. शिवाय फिल्टर चांगला असूनही तो बसतो ती खोबण सैल असेल, तर धूळ बाजूने निसटून मागून बाहेर पडते.

धुता येणारा फिल्टर सोयीचा खरा, पण तो पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये, आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तो एका दिवसात वाळत नाही. दमट फिल्टरवर धुळीचा लगदा बसतो, कुबट वास येतो आणि ओली हवा मोटरपर्यंत जाते. म्हणून दुसरा फिल्टर घरात असावाच.

धुमसणारी उदबत्तीची राख कोणत्याही परिस्थितीत ओढू नये. आतला ठिणगीचा कण कोरड्या धुळीत पेट घेऊ शकतो. ओल्या-कोरड्या दोन्हीसाठी बनवलेले यंत्र नसेल तर सांडलेला चहा किंवा वरणही फडक्यानेच पुसावे.

पैसे देण्यापूर्वी याच मॉडेलचा सुटा फिल्टर आणि बॅटरी मिळते का, कितीला मिळते आणि बॅटरी आपल्या शहरात बदलून मिळेल का, एवढे विचारावे. उत्तर अस्पष्ट आले, तर यंत्र कितीही देखणे असले तरी मी दुसरे पाहते.