आधी रेघ आखा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा स्नेहसंमेलन, सहल, खेळाचं मैदान हे सगळं आठवून पाहिलं. खरं सांगायचं तर मनात पहिल्यांदा आली ती फळ्यावरची एक वेडीवाकडी रेघ.

अकरावीत उष्मागतिकीच्या, म्हणजे उष्णता, कार्य आणि ऊर्जा यांचा हिशेब मांडणाऱ्या विषयाच्या, पहिल्या तासाला सर आले आणि काही न बोलता फळ्यावर एक बंद आकार काढला. "हे काय?" मागच्या बाकावरून कुणीतरी "ढग" म्हणालं. "चालेल. ढगाच्या आतलं ते प्रणाली, बाहेरचं सगळं जग परिसर आणि ही रेघ म्हणजे सीमा. आता सीमेतून काय ये-जा करतं तेवढंच बघायचं." पदार्थ आणि ऊर्जा दोन्हींची ये-जा असेल तर खुली प्रणाली, फक्त ऊर्जेची असेल तर बंद, कशाचीच नसेल तर विलग. झाकण नसलेलं उकळतं भांडं, बुच लावलेली बाटली आणि थर्मास अशी तीन उदाहरणं झाली. थर्मासला विलग म्हणायचं ते मन मोठं करून, कारण सकाळचं गरम पाणी त्यातही संध्याकाळपर्यंत कोमट होतंच. व्याख्या पाठ झाल्या. कळल्या मात्र नव्हत्या.

त्या कळल्या सायकलच्या पंपामुळे. सरांनी माझ्या हातात पंप दिला, तोंडावर बोट घट्ट दाबायला सांगितलं आणि दट्ट्या भराभर मारायला लावला. दहा-बारा दट्ट्यांत नळीचं खालचं टोक चांगलंच तापलं. "गरम का झालं?" मी ऐटीत म्हणालो, "सर, आत उष्णता भरली." "कुठून आली? जवळ शेगडी आहे?" मी गप्प. उष्णता बाहेरून आलीच नव्हती. माझ्या हाताने हवेवर कार्य केलं होतं, त्याने तिची आंतरिक ऊर्जा, म्हणजे तिच्या रेणूंची एकूण ऊर्जा, वाढली आणि तापमान चढलं. दट्ट्या झपाट्याने मारला की उष्णतेला बाहेर निसटायला फारसा वेळ मिळत नाही, म्हणून ही प्रक्रिया जवळजवळ ॲडियाबॅटिक. जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1840च्या दशकात पाण्यात वल्ही फिरवून हेच मोजलं होतं; आजच्या आकड्यांत, एक कॅलरी उष्णता म्हणजे सुमारे 4.186 जूल कार्य.

त्या दिवशी "वस्तूत उष्णता असते" हे वाक्य वर्गातून हद्दपार झालं. वस्तूत असते ती आंतरिक ऊर्जा. उष्णता म्हणजे तापमानातल्या फरकामुळे सीमा ओलांडणारी ऊर्जा; ओलांडून झाली की तिचं ते नाव संपलं. रोजच्या बोलण्यात मी अजूनही "अंगात उष्णता वाढली" म्हणतोच, आणि म्हणताना दचकतो.

उष्मागतिकीच्या शून्याव्या नियमाला मात्र आम्ही हसलो होतो. दोन वस्तू तिसरीशी औष्णिक समतोलात असतील, म्हणजे तिच्याशी त्यांची उष्णतेची देवाणघेवाण थांबलेली असेल, तर त्या एकमेकींशीही समतोलात असतात, यात सांगण्यासारखं काय? सर म्हणाले, "थर्मामीटर स्वतःचंच तापमान दाखवतो. ते पाण्याचं आहे असं तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता?" हा नियम इतका गृहीत धरला गेला होता की पहिला आणि दुसरा मांडून झाल्यावर कित्येक वर्षांनी, विसाव्या शतकात, त्याला शून्य क्रमांक मिळाला.

चिन्हांबद्दलची तक्रार आज नोंदवून ठेवतो. भौतिकशास्त्राच्या तासाला आंतरिक ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता वजा कार्य, रसायनशास्त्राच्या तासाला उष्णता अधिक कार्य. एकीकडे प्रणालीने केलेलं कार्य धन, दुसरीकडे प्रणालीवर केलेलं. दोन्ही बरोबर, आणि माझी दोन्हीकडे गल्लत.

सहामाहीत प्रश्न होता: बंद, उष्णतारोधक खोलीत चालू फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोलीचं काय होईल? मी पानभर लिहून "खोली थंड होईल" असा निकाल दिला. माझी सीमा फ्रिजच्या आतल्या कप्प्याभोवती होती. मागच्या जाळीतून बाहेर पडणारी उष्णता मी हिशेबात धरलीच नव्हती. पेपर परत आला तेव्हा उत्तरावर काट नव्हती. समासात लाल शाईने सबंध खोलीभोवती तुटक रेघांचा चौकोन काढलेला होता, त्यात भिंतीतून शिरणारी एक वायर, आणि शेजारी सरांच्या बारीक अक्षरात: "ही आत येताना दिसली नाही?"