आधी रात्रपाळी बंद होते

८ एप्रिल २०२४ ला निन्टेन्डो या जपानी कंपनीनं थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या दोन कन्सोलांवरचं, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रांवरचं, ऑनलाइन खेळणं बंद केलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा दुपारचे चार वाजले होते. आपल्याकडे ९ तारखेची पहाट होती, साडेचारची, आणि दिवस गुढीपाडव्याचा. सोलापुरात त्या वेळी लोक गुढीची काठी धुऊन ठेवण्याच्या, साखरेच्या गाठी शोधण्याच्या नादात. त्यातल्या एखाद्या घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात, चार्जर हरवलेला थ्रीडीएस पडून असेल, तर त्याचं काय गेलं हे कुणाला कळलंही नसेल.

बंद पडणं या गावाला नवीन नाही. गिरणी एका दिवसात बंद पडत नसते. आधी रात्रपाळी बंद होते, मग एखादं खातं, मग 'पुढच्या आठवड्यात बघू' सुरू होतं, आणि गेटावर नोटीस लागते तेव्हा आत चालू असं फारसं काही उरलेलं नसतं. जुन्या कन्सोलची सेवाही याच चालीनं बंद होते. थ्रीडीएसवरच्या ऑनलाइन दुकानात २३ मे २०२२ पासून क्रेडिट कार्ड घेणं थांबलं. २९ ऑगस्टपासून पैसे भरायची प्रीपेड कार्डंही बाद. २७ मार्च २०२३ ला खरेदीच बंद. त्यानंतर वर्षभरानं ऑनलाइन खेळणं. आणि पूर्वी पैसे देऊन घेतलेला गेम पुन्हा उतरवून घेण्याची सोय? ती आजही चालू आहे. तिची शेवटची तारीख कुणी सांगितलेली नाही. 'सध्या तरी' एवढंच.

ज्याची तारीख जाहीर होते त्याच्या बातम्या येतात, लोक हळहळतात, शेवटच्या दिवशी दोन-चार गेम विकतही घेतात. खरी काळजी करायची ती तारीख न सांगितलेल्या सोयीची. कारण ती गेल्यावर हार्ड डिस्क खराब झाली, तर पैसे मोजून घेतलेला गेमही गेला, आणि दाद मागायला जागा नाही.

सर्व्हर म्हणजे एकच एक यंत्र असल्यासारखं आपण बोलतो. 'काय बे, सर्व्हर डाऊन हाय का?' पण त्याच्या पोटात वेगवेगळी कामं असतात. खातं ओळखून आत घेणं हे एक. खेळणाऱ्यांची गाठ घालून देणं हे दुसरं. दुकान, आणि गेमच्या दुरुस्तीच्या फायली म्हणजे पॅच देणं, ही आणखी दोन. प्रत्यक्ष सामना मात्र बऱ्याच गेममध्ये खेळणाऱ्यांपैकीच एकाच्या कन्सोलवर चालतो. म्हणून २०१० साली एक गंमत घडली. मायक्रोसॉफ्टनं पहिल्या एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा १५ एप्रिलला थांबवली, पण 'हेलो टू' हा गेम खेळणारे डझनभर लोक बाहेर पडलेच नाहीत. नवीन कुणाला आत घेणं थांबलं होतं, आत असलेल्यांना हाकललं नव्हतं. कन्सोल बंद न करता ते खेळत राहिले आणि शेवटचा माणूस मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडल्यावर बाहेर फेकला गेला. एप्रिल-मे, सोलापूर, आणि महिनाभर लाइट न जाता! इथला गडी पहिल्याच दुपारी बाद झाला असता.

कंपन्या हे का करतात, याला दरवेळी दुष्टपणा लागत नाही. निन्टेन्डोच्या त्याआधीच्या डीएस आणि वी या कन्सोलांची सेवा २० मे २०१४ ला थांबली, कारण त्यांची जुळवाजुळव गेमस्पाय नावाच्या दुसऱ्याच कंपनीच्या यंत्रणेवर चालायची आणि ती कंपनीच गाशा गुंडाळत होती. शिवाय जुन्या कन्सोलला नव्या पद्धतीची सांकेतिक भाषा येत नाही. त्याच्यासाठी जुनी, कच्ची कुलपं चालू ठेवावी लागतात, आणि कार्डाचे पैसे अशा कुलपांमागे घेणं कुठल्याही कंपनीला नको असतं. म्हणून पैसे भरणं सगळ्यात आधी जातं. सोनीच्या प्लेस्टेशन थ्रीच्या, म्हणजे पीएस थ्रीच्या, दुकानात ऑक्टोबर २०२१ पासून कार्ड चालत नाही. खात्यात पैसे दुसरीकडून भरायचे आणि मग कन्सोलवर खर्च करायचे. दुकान उघडं आहे हेही थोडकं नाही. सोनीनं ते २०२१ च्या मार्चमध्ये बंद करायचं जाहीर केलं होतं, आरडाओरडा झाल्यावर एप्रिलमध्ये निर्णय फिरवला.

या कन्सोलांच्या भराच्या काळात सोलापुरात ऑनलाइन खेळणारे थोडेच. इथला खेळ पार्लरमधला, तासाच्या भाड्यावरचा. एका सोफ्यावर चौघे, दोन रिमोट, आणि हरणाऱ्यानं उठायचं. तेव्हा सर्व्हर बंद झाला काय नि राहिला काय, असं वाटणं साहजिक आहे. पण डिस्कवर असतो तो गेम छापखान्यातून निघाला त्या दिवशीचा. अडकणारी दारं, मध्येच गोठणारी पातळी, चुकीचे संघ, हे सगळं नंतर पॅचनं दुरुस्त झालेलं असतं. तो पॅच डिस्कवर येत नाही, सर्व्हरवरून येतो. म्हणून डिस्कवाल्यांनीही निर्धास्त राहू नये.

पीएस थ्री घरात असेल तर ही कामं या उन्हाळ्याच्या आत उरकावीत. उन्हाळ्यात नव्हे. पारा बेचाळीसला टेकल्यावर जुन्या, जाड पीएस थ्रीला तासन् तास डाउनलोडला लावणं म्हणजे त्याच्या चिपची उष्णता बाहेर काढणाऱ्या, आता वाळलेल्या थर्मल पेस्टची परीक्षा घेणं. थंडीत करा, रात्री करा.

पहिली अडचण लॉगिनलाच येते. पासवर्ड बरोबर, तरी कन्सोल आत घेत नाही, आणि लोक समजतात सेवा बंद झाली. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर पीएस थ्री नेहमीचा पासवर्ड स्वीकारत नाही, कारण मोबाइलवर आलेला आकडा टाकायला त्याच्याकडे जागाच नाही. फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून खात्याच्या सुरक्षा विभागात जायचं, 'डिव्हाइस सेटअप पासवर्ड' तयार करायचा आणि तो कन्सोलवर टाकायचा.

आत गेल्यावर खात्याच्या व्यवहारांमध्ये 'डाउनलोड लिस्ट' सापडते. घेतलेलं सगळं तिथं ओळीनं असतं, गेमला जोडून घेतलेले जादा भागही. उतरवताना जागेचा हिशेब दुप्पट धरायचा. पीएस थ्री आधी पूर्ण फाईल उतरवतो आणि मग ती उलगडतो, म्हणजे दहा जीबीच्या गेमला वीस जीबी मोकळे हवेत. १२ जीबीचं मॉडेल असेल तर हार्ड डिस्क बसवल्याशिवाय हे जमायचंच नाही. डिस्क लॅपटॉपची चालते, अडीच इंची, साटा, साडेनऊ मिलिमीटर जाडीची. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली नवी पेठेत स्वस्तात मिळते, फक्त त्या मॉडेलला डिस्क बसवायचा वेगळा कंस (ब्रॅकेट) लागतो, तो आधी मिळवा. पॅच मात्र या यादीत दिसत नाहीत. त्यासाठी घरातली एकेक डिस्क घालायची, नेट चालू ठेवून गेम सुरू करायचा, अपडेट विचारलं की हो म्हणायचं. 'ग्रॅन टुरिस्मो फाइव्ह'सारख्या गेमला पॅचची रांगच असते, एकामागून एक येतात. कंटाळवाणं काम आहे, पण हेच काम उद्या पैसे देऊनही करता येणार नाही.

मग बॅकअप. बाहेरची डिस्क फॅट-३२ पद्धतीची लागते. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या डिस्कला हा पर्याय बरीच वर्षं दिसत नाही, त्यामुळे वेगळं छोटं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम सेटिंग्ज', त्यात 'बॅकअप युटिलिटी'. भरलेल्या डिस्कला कित्येक तास लागतात आणि मध्ये लाइट गेली की केलेलं सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून. कन्सोल इन्व्हर्टरवर घ्या. दोन गोष्टी ध्यानात असू द्या. खेळून मिळवलेल्या ट्रॉफ्या या बॅकअपमध्ये येत नाहीत, त्या आधी सर्व्हरशी जुळवून घ्यायच्या. आणि हा बॅकअप त्याच यंत्रावर पूर्ण उलगडतो. दुसऱ्या पीएस थ्रीवर कुलूप लावलेले सेव्ह (खेळाची साठवलेली प्रगती) आणि विकत घेतलेले गेम उतरत नाहीत.

एवढं करूनही एक पाच पैशांची वाटावी अशी वस्तू घात करू शकते: आतला घड्याळाचा सेल, सीआर २०३२. प्लग काढल्यावर तारीख-वेळ सांभाळणं हे त्याचं काम. तो संपला की तारीख मागे पळते, आणि मग विकत घेऊन उतरवलेले गेम सर्व्हरला वेळ विचारल्याशिवाय उघडत नाहीत. डिस्कवरचे चालतात. पीएस फोरची गत तर याहून वाईट होती, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या ९.०० अपडेटनं ती सुधारली. आता आपली सवय बघा. रात्री झोपताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, ते विजेच्या दृष्टीनं बरोबरच. पण प्लगमधून वीज मिळत असते तोवर सेल वापरला जात नाही, बटण बंद केलं की सगळा भार त्याच्यावर. म्हणून इथल्या घरांतले आणि पार्लरमधले सेल लवकर उतरतात. बदलताना बघायचं ते हे: काही मॉडेलांत सेल साध्या खाचेत बसतो, काहींत त्याला दोन वायरी आणि छोटं सॉकेट असतं. वायरीवाला असेल तर वायरीसकट तयार मिळतो तोच घ्या. साध्या सेलवर सोल्डरिंगची तापलेली सळई टेकवली तर तो फुटू शकतो. स्क्रूपैकी एखादा ताऱ्याच्या खाचेचा, मध्ये टोक असलेला टॉर्क्स असतो, त्याला भोकाचा बिट लागतो. साध्या पेचकसानं झगडत बसलात तर स्क्रूचं डोकं घासून जातं आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही.

एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला मिटलं. खेळणं चालू, आधी घेतलेलं पुन्हा उतरवणंही चालू. त्याची मेख परवान्यात आहे. गेम दोन ठिकाणी बांधलेला असतो: ज्या खात्यानं घेतला त्याला, आणि ज्या यंत्रावर तो पहिल्यांदा उतरवला त्या यंत्राला. मूळ यंत्रावर नेट नसतानाही घरातला कुणीही खेळू शकतो. पण ते यंत्र तीन लाल दिव्यांचा नमस्कार करून गेलं आणि सेकंडहँड दुसरं आणलं, तर तिथं तुमच्या खात्यानं ऑनलाइन असल्याशिवाय गेम उघडत नाही, उघडला तरी अपुरा. तेव्हा ३६० बदललं असेल तर परवाने नव्या यंत्रावर हलवून घेण्याचं काम आधी, डाउनलोड नंतर. नेटची वायर काढून प्रत्येक गेम एकदा सुरू करून बघणं ही साधी चाचणी.

डीएस आणि वीची गोष्ट निराळी. तिथं अधिकृत सेवा संपून दशक उलटलं, आणि हौशी लोकांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले, ते चालतात. डीएसच्या बहुतेक गेमना नेटच्या सेटिंगमध्ये फक्त डीएनएसचा, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेचा, पत्ता बदलून द्यावा लागतो. डीएस समोरच्या सर्व्हरचं ओळखीचं प्रमाणपत्र नीट तपासत नाही, ही मूळ बांधणीतली चूक आज उपयोगी पडते. वीवर बहुतेक वेळा गेमच दुरुस्त करून चालवावा लागतो. थ्रीडीएससाठी प्रेटेन्डो नावाचा असाच हौशी सर्व्हर आहे, पण कन्सोलचं सॉफ्टवेअर बदलण्याची तयारी हवी.

डीएसची खरी रड वायफायची आहे. त्याला २.४ गिगाहर्ट्झ लागतं, तेही जुन्या 'बी' पद्धतीचं, आणि पासवर्डचं कुलूप फक्त वेप या जुन्या जातीचं. आजच्या फायबरच्या राउटरात वेप सहसा नसतं. उपाय माळ्यावर असतो: टेलिफोनच्या वायरीवर चालणारा तो जुना ब्रॉडबँडचा मोडेम-राउटर. तो टेलिफोनच्या वायरीशिवाय चालू करा. त्याचा पत्ता बदला: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. त्याचं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम, बंद करा. हे विसरलात तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि सगळ्यांच्या मोबाइलचं नेट लहरीपणा करू लागतं, दोष मात्र फायबरवाल्याला जातो. मग वेप, तेरा अक्षरांची किल्ली, चॅनेल एक, सहा किंवा अकरा, आणि नेटची वायर मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून याच्या लॅन पोर्टात. वेपचं कुलूप आज कुणीही मिनिटांत उघडतो, म्हणून खेळून झालं की हा राउटर बंद. तरीही समोरच्याशी गाठ पडत नसेल तर बहुधा तुमच्या कनेक्शनला स्वतःचा सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता, नाही. अनेक फायबर जोडण्यांवर तो मागून, कधी जादा पैसे देऊन मिळतो.

सेवा कायम चालवा, असा हट्ट कुणी धरू नये. वीस वर्षांपूर्वीच्या सर्व्हरचं बिल कोण भरणार. पण 'द क्रू' हा मोटारींचा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद झाला तेव्हा एकट्यानं गाडी फिरवणंही संपलं, डिस्क हातात असून. जाता जाता एक शेवटचा पॅच काढून तो ऑफलाइन करून देणं एवढी अपेक्षा गैर नाही. कन्सोल एकमेकांना वायरीनं जोडून खेळायची सोय ज्या गेममध्ये आहे, ते आजही चालतात, कुणाची परवानगी न विचारता.

सेकंडहँड पीएस थ्री घेणार असाल तर विकणाऱ्याला समोर बसवून त्याचं खातं 'डीॲक्टिव्हेट' करायला लावा, कारण एका खात्याला दोनच पीएस थ्री चालतात आणि नंतर तो फोन उचलेलच असं नाही. मग दहा मिनिटं प्लग काढून ठेवा. पुन्हा लावल्यावर तारीख विचारली, तर सेलचे आणि उघडण्याच्या मजुरीचे पैसे किमतीतून कापून घ्या.